वाचक विचारतात : गॅसची भूल आणि ताठणारं जनावर

जनावरांच्या भुलेवरच्या आमच्या मजकुरात मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा दोन ओळींचा उल्लेख होता. काही जनावरांना गॅसची भूल दिली की स्नायू ताठतात, अंग तापतं आणि वेळेत हालचाल झाली नाही तर जीव जातो, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर वराहपालकांपासून पशुवैद्यकांपर्यंत बऱ्याच जणांनी प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. डॉक्टर मंडळी या विकाराला एमएच म्हणतात, इथेही तेच नाव वापरलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे लँडरेस आणि यॉर्कशायर संकराची डुकरं आहेत. हर्नियाचं ऑपरेशन गॅसवर केलं की काही डुकरं ताठून मरतात, असं ऐकलं. डोस जास्त होतो म्हणून का? – वराहपालक, कुडाळ

डोसचा दोष नाही. नेमक्या मात्रेतही हे होतं आणि दहा डुकरं शांत झोपतील तिथे अकरावं ताठतं. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : जनावराच्या जनुकात आधीपासून असलेला दोष आणि त्या दोषाला डिवचणारं औषध. भुलेच्या टेबलावर यातली एकच असेल तर काही घडत नाही.

दोष कुठे असतो ते सांगतो. स्नायूच्या प्रत्येक पेशीत सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाची बारीक पिशव्यांची जाळी असते. तिच्यात कॅल्शियम साठवलेलं असतं, बाहेरच्या पेशीद्रवापेक्षा हजारो पटींनी जास्त. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून आला की या पिशव्यांवरची एक झडप उघडते, कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आकसतो. काम झालं की पंप ते कॅल्शियम परत आत ओढतात आणि स्नायू सैल पडतो. झडपेचं नाव रायनोडीन रिसेप्टर, तिचा जनुक आरवायआर-१. सुमारे ५,००० अमिनो आम्लांची एक साखळी, अशा चार साखळ्या मिळून एक झडप बनते. डुकरांमध्ये या साखळीतल्या ६१५व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन येतं. बदल एवढाच, पण त्याने झडप हलकी होते : थोड्याशा कारणाने उघडते आणि लवकर मिटत नाही. निरोगी स्नायूत मॅग्नेशियम या झडपेला दाबून धरतं, सदोष झडपेवर तो दाब नीट चालत नाही.

एरवी हे डुक्कर ठणठणीत असतं, उलट अंगाने जास्त भरलेलं. झिरपणारं थोडं कॅल्शियम पंप परत भरत राहतात. हॅलोथेन किंवा आयसोफ्लुरेनसारखा गॅस स्नायूत पोचला की झडप उघडण्याची पातळी आणखी खाली येते आणि कॅल्शियम लोटाने बाहेर येतं. आता पंपांना जमत नाही. कॅल्शियमचे दोन अणू आत ओढायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची पडतो, शिवाय आकसलेले तंतूही एटीपी खातच असतात. ते भरून काढायला पेशी मिळेल तेवढा ऑक्सिजन जाळते, तो अपुरा पडला की साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करते. कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि उष्णता ही तिन्ही याच कामाची पैदास. शरीराच्या वजनाचा सुमारे ४०% भाग स्नायूंचा असतो आणि तो सगळा एकाच वेळी पेटला की पाच मिनिटांत १ अंश सेल्सिअसने ताप चढू शकतो. डुकराचं तापमान ४२ च्या वर गेलेलं दिसतं ते यामुळे.

पुढचा टप्पा जीव घेणारा. एटीपी संपलं की स्नायू सैलच होऊ शकत नाही, म्हणजे मेल्यावर येणारा ताठरपणा जिवंतपणीच येतो. पेशींचं आवरण फुटून आतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं, लघवी गडद तपकिरी होते. काही जनावरांत रक्त गोठण्याची यंत्रणाही कोलमडते. बहुतेक डुकरं पोटॅशियमने हृदय बंद पडून मरतात. तापाने मरण्याइतका वेळच त्यांना मिळत नाही.

प्रश्न : नेमकी कोणती औषधं धोक्याची? आमच्याकडे शिकताना सगळा भर झायलाझीन-केटामिनवर असतो. – बीव्हीएससीची विद्यार्थिनी, परभणी

यादी छोटी आहे, पाठ करून टाका. हुंगण्याचे सगळे वाफेचे भूलद्रव : हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेस्फ्लुरेन, जुने एनफ्लुरेन, मेथॉक्सिफ्लुरेन आणि ईथरसुद्धा. त्यांच्या जोडीला स्नायू लुळे करणारं सक्सामेथोनियम, ज्याला बरेच जण सक्सिनिलकोलीन म्हणतात. ते स्नायूच्या आवरणावरचा विद्युतभार सतत उतरलेला ठेवतं, म्हणजे झडपेला उघडण्याचा हुकूम चालूच राहतो. गॅस आणि सक्सा दोन्ही मिळाले तर सर्वांत वाईट. जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक. एरवी गॅसवर निभावून जाणारं, एकच सदोष प्रत असलेलं डुकरूही या जोडीने उसळू शकतं.

हॅलोथेनने प्रतिक्रिया झटपट येते. आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनवर ती उशिरा येऊ शकते, कधी शस्त्रक्रिया निम्मी झाल्यावर. ‘अर्धा तास झाला, काही झालं नाही, म्हणजे सुटलो’ असं म्हणून मॉनिटरकडे पाठ फिरवू नये. ॲसेप्रोमाझीनची पूर्वमात्रा, बार्बिट्युरेट आणि थंड पडलेलं अंग यांनीही प्रतिक्रिया लांबते, टळत नाही.

सुरक्षित औषधं बरीच आहेत : प्रोपोफॉल, थायोपेंटोन, केटामिन, डायझेपाम, मिडाझोलाम, झायलाझीन, ब्युटॉर्फेनॉल-फेन्टानिलसारखी ओपिऑइड, नायट्रस ऑक्साइड, आणि सक्साच्या जागी व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अट्राक्युरियम. डुकरांना शांत करायला देतात ते अझापेरोन तर त्रास कमीच करतं. जागेपुरतं बधिर करणाऱ्या लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन यांवर एके काळी संशय होता, तो आता उरलेला नाही. पाठीच्या कण्यातली भूल द्यायला हरकत नाही.

एका गोष्टीची नोंद मात्र हवी. केटामिन झडप उघडत नाही, पण अर्धवट दिलं तर जनावर धडपडतं, नाडी चढते, अंग तापतं. डुकरात धडपड हेच वेगळं कारण ठरू शकतं, त्याविषयी पुढे येईलच. म्हणून आधी शांत करा, मग सुई.

प्रश्न : गोल्डन रिट्रीव्हरच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत आयसोफ्लुरेनवर असताना गुदद्वारातलं तापमान ४०.८ झालं. हे एमएच होतं का? कसं ओळखायचं? – पशुवैद्यक, पुणे

तुमच्या पत्रात कार्बन डायऑक्साइडचा आकडा दिलेला नाही आणि सगळं तिथेच ठरतं. एमएचमध्ये ताप हे उशिराचं लक्षण आहे. आधी हलतो तो कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र. श्वास सोडताना शेवटी येणारा कार्बन डायऑक्साइड कुत्र्यात ३५ ते ४५ मिमी पाऱ्यात असतो. तो ५५, ६५, ७५ असा चढत गेला आणि व्हेंटिलेशन वाढवूनही खाली येईना, तर एमएच समजून चाला. त्याच्याबरोबर नाडी कारणाशिवाय वाढते, कुत्रा स्वतः श्वास घेत असेल तर धाप लागते, सर्किटमधला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा डबा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्याचा रंग नेहमीच्या निम्म्या वेळात बदलतो. जबडा, मग पाय ताठ होतात. कुत्र्यांत डुकरांइतका ठळक ताठरपणा दिसेलच असं नाही, त्यावर अवलंबून राहू नका.

आता फसवणारी कारणं. दाट केसांचा मोठा कुत्रा, खाली गरम गादी, वर कापडाचे चार थर, बंद सर्किट आणि कमी गॅस प्रवाह अशा मांडणीत उष्णता बाहेर जाणारच नाही. अशा कुत्र्याचा कार्बन डायऑक्साइड सामान्य राहतो, गादी बंद करून पोटावर ओलं कापड ठेवलं की ताप उतरतो. तुमच्या रिट्रीव्हरचं असंच असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते. पायोमेट्राचं (गर्भाशयात पू झालेलं) रक्तदोषी जनावर मुळातच तापलेलं असू शकतं. दुसरं, यंत्र. एकदिशा झडप अडकली किंवा सोडा लाइम संपलं तरी कार्बन डायऑक्साइड चढतो. फरक कॅप्नोग्राफच्या रेघेत दिसतो : यंत्राचा दोष असेल तर श्वास आत घेताना रेघ शून्यावर परतत नाही, उचललेली राहते, एमएचमध्ये रेघ शून्याला टेकते, वरचं शिखर मात्र उंच होत जातं. (नंतर सोडा लाइमही संपतं आणि मग दोन्ही दिसतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांतली रेघ आठवा.) तिसरं कारण उथळ भूल : चिमटा लागला की नाडी आणि श्वास वाढतात, पण भूल खोल केली की उतरतात. एमएचमध्ये गॅस वाढवाल तर आगीत तेल.

खात्री करायची तर त्याच वेळी रक्तवायू तपासा : श्वसनाचं आणि चयापचयाचं दोन्ही प्रकारचं आम्ल वाढलेलं सापडेल, पोटॅशियम चढलेलं. इजा झालेल्या स्नायूतून रक्तात येणारं सीके हे एन्झाइम २४ तासांनी सर्वांत उंच असतं, हजारोंच्या घरात जातं. शस्त्रक्रियेत स्नायू कापलेले असतात तेव्हा थोडी वाढ काहीच सिद्ध करत नाही.

कुत्र्यांत हा दोष विरळ आहे, पण कुठल्याही जातीत किंवा गावठी कुत्र्यात निघू शकतो. त्यांच्यात आरवायआर-१ मधला बदल वेगळ्या जागी आहे, ५४७व्या अमिनो आम्लावर, आणि तो प्रभावी पद्धतीने उतरतो : आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे सदोष प्रत असली तरी सरासरी निम्मी पिल्लं धोक्याची.

प्रश्न : टेबलावर हे सुरू झालं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? डॅन्ट्रोलीनचं काय? – पशुवैद्यक, नाशिक

व्हेपोरायझर (भूलद्रवाची वाफ करणारं भांडं) बंद करा, तेही नुसतं शून्यावर नको, शक्य असेल तर यंत्रातून काढून बाजूला ठेवा. ऑक्सिजन १०० टक्के, प्रवाह यंत्र देईल तेवढा, निदान १० लिटर मिनिटाला. नळ्या आणि पिशवी नवी लावा. नवी नसेल तर जुन्यावर वेळ घालवू नका : सिलिंडरला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडून तिनेच श्वास द्या, रबरात मुरलेला गॅस त्यातून जात नाही. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने श्वास द्या. भूल हवीच असेल तर प्रोपोफॉल शिरेतून. सर्जनला टाके घालून बाहेर यायला सांगा. हे सगळं चालू असताना एका माणसाचं काम एकच : डॅन्ट्रोलीन विरघळवणं.

डॅन्ट्रोलीन रायनोडीन झडपेलाच मिटवतं, म्हणून मुळावर काम करणारं एकमेव औषध तेच. जुन्या प्रकारच्या कुपीत २० मिलीग्रॅम पिवळसर भुकटी असते, ती ६० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची. सलाईन किंवा डेक्स्ट्रोज वापरू नका, त्यात साका धरतो. पाणी कोमट असेल तर लवकर विरघळतं, द्रावण स्वच्छ होईपर्यंत हलवत राहा. सुरुवात किलोला २.५ मिलीग्रॅमने. हिशेब करून बघा : २५ किलोच्या कुत्र्याला ६२.५ मिलीग्रॅम म्हणजे चार कुप्या फोडायच्या आणि सुमारे १९० मिली द्रावण द्यायचं. १०० किलोच्या डुकराला २५० मिलीग्रॅम, तेरा कुप्या, पाऊण लिटर पाणी. एकट्याने दहा मिनिटांत तेरा कुप्या होत नाहीत, दोन जण बसवा. नव्या सांद्र प्रकारात २५० मिलीग्रॅमची कुपी ५ मिली पाण्यात विरघळते, तिथे ही कसरत नाही. कार्बन डायऑक्साइड उतरेना किंवा ताठरपणा सुटेना तर डोस पुन्हा द्या, एकूण १० मिलीग्रॅम प्रतिकिलोपर्यंत. द्रावण अल्कली असतं, सामू ९.५ च्या आसपास, त्यामुळे सुई शिरेबाहेर गेली तर तिथली चामडी सडते. मोठी शीर निवडा. प्रत्येक जुन्या कुपीत ३ ग्रॅम मॅनिटॉल असतंच, लघवीसाठी वेगळं देताना ते हिशेबात धरा.

मूत्रमार्गात कॅथेटर टाका. बर्फाच्या पिशव्या जांघेत, काखेत, मानेवर. फ्रीजमधलं गार नॉर्मल सलाईन शिरेतून. कुत्रा-डुकराचं तापमान ३९.५ च्या खाली आलं की बर्फ काढा, नाही तर तासाभरात अंग गार पडून नवी पंचाईत होते.

पोटॅशियमने ठोके बिघडले, ईसीजीवर टी लहर उंच टोकदार आणि क्यूआरएस लहर रुंद दिसली, तर १०% कॅल्शियम ग्लुकोनेट किलोला ०.५ मिली, दहा-पंधरा मिनिटांत, ईसीजीवर नजर ठेवून. एमएच कॅल्शियमने होतो, मग कॅल्शियम कसं द्यायचं, असं विचारलं जातं. रक्तातलं कॅल्शियम स्नायूच्या त्या पिशव्यांत जाऊन गोंधळ वाढवत नाही. ठोके बिघडले असतील तर ते द्यावंच लागतं. २५ किलोच्या कुत्र्याला ६ युनिट साधं इन्सुलिन आणि बरोबर २५% डेक्स्ट्रोज ५० मिली, मग दर अर्ध्या तासाने साखर तपासा. सोडाबायकार्ब ७.५% चं असेल तर याच कुत्र्याला २८ मिली म्हणजे किलोला साधारण १ मिलीइक्विव्हॅलंट होतं. पण ते श्वास नीट चालला असेल तरच द्या, बायकार्बमधून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो बाहेर टाकायचं काम आधीच डोईजड झालेलं असतं. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम डॅन्ट्रोलीनबरोबर कधीच नाही, पोटॅशियम आणखी चढून हृदय बसतं.

गावाकडच्या दवाखान्यात डॅन्ट्रोलीन नसतंच, हे मान्य. तिथे गॅस ताबडतोब तोडणं, जोरदार श्वास आणि थंड करणं यावरच भिस्त, आणि सुरुवातीला पकडलेलं जनावर त्यावरही वाचू शकतं. दहा मिनिटं उशीर झाला तर फारसं हाती लागत नाही. म्हणूनच आमच्या मते, भूल देणाऱ्या दवाखान्याने पैसा घालायचा तर आधी कॅप्नोग्राफवर घालावा. डॅन्ट्रोलीनचा साठा मुदत संपून फेकावा लागतो, कॅप्नोग्राफ रोज कामी येतो.

सावरलेलं जनावर २४ तास नजरेखाली ठेवा. झटका पुन्हा येऊ शकतो. तासातासाने तापमान, लघवीचा रंग, सीके, पोटॅशियम. लघवी तपकिरी असेल तर सलाईन चालू ठेवून ती ताशी किलोला २ मिलीपर्यंत राहील असं बघा.

प्रश्न : बीजासाठी नर विकत घेतो आहे. हा दोष आहे की नाही, आधी कळेल का? – वराहपालक, सोलापूर

कळतं, आणि डुकरांइतकं पक्कं दुसऱ्या कुठल्या जनावरात कळत नाही. त्यामागे सगळ्या युरोपच्या मांसबाजाराचा इतिहास आहे.

१९६०च्या दशकात कमी चरबीच्या भरदार डुकरांना मागणी वाढली. पैदासकारांनी जाड मांड्या आणि पातळ चरबी बघून नर निवडले आणि नकळत हाच जनुक निवडला गेला, कारण सदोष झडपेचं डुक्कर मांसल असतं. बेल्जियमच्या पिएत्रँ या गावावरून नाव पडलेली पिएत्रँ जात, बेल्जियन लँडरेस, पोलंड चायना यांच्यात तो दाट झाला. लार्ज व्हाइट यॉर्कशायरमध्ये तो कमी. आपल्याकडे संकरासाठी सर्वाधिक वापरली जाते ती हीच लार्ज व्हाइट यॉर्कशायर, त्यामुळे तुमचा नर शुद्ध यॉर्कशायर असेल तर भीती थोडी, लँडरेस किंवा पिएत्रँचं रक्त असेल तर तपासणी कराच.

पूर्वी हॅलोथेनची परीक्षा घेत. १९७४च्या सुमारास नेदरलँड्समध्ये ती रुळली. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू, तोंडावर मास्क, ऑक्सिजनमध्ये ३ ते ५ टक्के हॅलोथेन, तीन ते पाच मिनिटं. निरोगी पिल्लाचे पाय लोंबतात. सदोष पिल्लाचे मागचे पाय दोन-तीन मिनिटांत सरळ ताठ होतात, पोटावरच्या पांढऱ्या कातडीवर निळे-लाल चट्टे उठतात. तेव्हा मास्क क्षणात काढायचा, नाही तर पिल्लू हातातच जातं. परीक्षा स्वस्त, पण तिच्यात मोठं भोक आहे. डुकरांत दोष अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच पिल्लू ताठतं. १०० डुकरांच्या कळपात सदोष प्रतींचं प्रमाण २०% धरा. ४ डुकरं दुहेरी सदोष, ३२ एकेरी, ६४ स्वच्छ. हॅलोथेन फक्त ती ४ पकडतं. ४० सदोष प्रतींपैकी ८ गेल्या, ३२ कळपातच राहिल्या आणि एकेरी नर-मादी जुळले की चौथा हिस्सा पिल्लं पुन्हा दुहेरी.

हे कोडं १९९१ साली सुटलं. टोरोंटो विद्यापीठातल्या डेव्हिड मॅकलेनन यांच्या गटाने आरवायआर-१ मधलं ते एक अक्षर दाखवून दिलं, सी च्या जागी टी. तपासलेल्या पाचही जातींत बदल एकच निघाला, म्हणजे तो एखाद्या मूळच्या डुकरातून पसरला असावा. तेव्हापासून रक्त किंवा मुळासकट उपटलेले केस पाठवून डीएनए तपासता येतो. तो भाग वाढवून एचएचए-१ या एन्झाइमने कापतात : चांगली प्रत कापली जाते, सदोष कापली जात नाही. मुळाशी पांढरं टोक दिसेल असे वीस-तीस केस उपटा, कापलेले चालत नाहीत. कोरड्या कागदी पाकिटात ठेवून प्रत्येक पाकिटावर कानातल्या टॅगचा नंबर घाला.

नर विकत घेताना ‘हॅलोथेन निगेटिव्ह’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. डीएनएच्या अहवालात दोन्ही प्रती चांगल्या असल्याचं लिहिलेलं हवं. बाहेरून वीर्य मागवताना तर हा कागद आधी, पैसे नंतर.

प्रश्न : भूल वगैरे काही नव्हती, तरी बाजाराला नेताना टेम्पोत दोन डुकरं थरथरून मेली. तिसऱ्याचं मटण पांढुरकं, पाणी सुटणारं निघालं. यात संबंध आहे का? – वराहपालक, नागपूर

आहे. दुहेरी सदोष डुकरात झडप उघडायला गॅसच लागतो असं नाही. भीती, मारामारी, धावपळ, ऊन यानेही तेच घडतं, फक्त थोडं सावकाश. शेपटी थरथरणं, चालताना अडखळणं, तोंड उघडं टाकून धापणं, कातडीवर चट्टे, मग बसकण आणि मृत्यू, असा क्रम. मेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाय लाकडासारखे होत असतील तर संशय घट्ट होतो. उष्माघातही असा दिसतो आणि नागपूरच्या उन्हात तो कुठल्याही डुकराला होईल, म्हणून मेलेल्याचे केस तपासणीला पाठवा.

मटणाचं कारण असं : कापायच्या आधीच स्नायूत आम्ल साठलेलं असतं. चांगल्या डुकराच्या मांसाचा सामू कापल्यावर ४५ मिनिटांनी ६.४ च्या आसपास असतो आणि दिवसभरात ५.५-५.७ पर्यंत हळूहळू उतरतो. या डुकरांत तो पाऊण तासातच ६ च्या खाली येतो, मांस अजून गरम असताना. उष्णता आणि आम्ल एकत्र आल्याने प्रथिनं बिघडतात, पाणी धरत नाहीत. रंग फिका, पोत मऊ, ट्रेमध्ये पाणी. खाण्याला धोका नाही, पण वजन आणि भाव दोन्ही जातात.

वाहतुकीत पहाटे भरा, आदल्या रात्री खाणं बंद पण पाणी चालू, अनोळखी कळप एकत्र नको, विजेची काठी अजिबात नको, पोचल्यावर दोन-तीन तास सावलीत विश्रांती. एखादं थरथरायला लागलं तर त्याला उठवू नका, हाकू नका. वेगळं काढा, खालची जमीन ओली करा, वारा द्या.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर बॉल खेळून दहा मिनिटांत मागच्या पायांनी कोसळतो, ताप ४१ वर जातो. त्याला भूल देणं धोक्याचं का? – वाचक, ठाणे

लॅब्राडोरमधला हा प्रकार बहुधा वेगळा : डीएनएम-१ नावाच्या जनुकातल्या दोषाने येणारा, श्रमानंतरचा लुळेपणा. त्यात पाय लुळे पडतात, ताठत नाहीत, आणि रायनोडीन झडपेचा त्यात हात नाही. त्याची डीएनए तपासणी स्वतंत्र असते, ती करून घ्या. गॅसची भूल त्यासाठी नाकारायचं कारण नाही, फक्त डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : घोड्यांतही होतं का? – अश्वपालक, बारामती

होतं, पण ओळख पटलेला बदल क्वार्टर हॉर्स आणि पेंट या अमेरिकी जातींत आहे, २४५४व्या अमिनो आम्लावर, प्रभावी पद्धतीचा. शर्यतीच्या थरोब्रेडमध्ये वारंवार दिसणाऱ्या ‘टायिंग-अप’मागे (श्रमानंतर स्नायू आखडण्यामागे) हा बदल सापडलेला नाही. क्वार्टर हॉर्समध्ये स्नायूंत साखर साठण्याचा पीएसएसएम हा आजार जोडीला असेल तर झटका तीव्र येतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकदमच करतात.

प्रश्न : मी माणसांना भूल देतो. डुकरांच्या या अभ्यासाचा आमच्याशी काय संबंध? – भूलतज्ज्ञ, कोल्हापूर

फार मोठा. माणसातला एमएच १९६० साली मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी पहिल्यांदा नीट मांडला : पाय मोडलेला २१ वर्षांचा तरुण, त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची भीती जास्त, कारण घरातले दहा जण भुलेत दगावलेले. पण प्रयोग करायचे कशावर? १९६६ साली ब्रिटनमधल्या पशुभूलतज्ज्ञांनी डुकरांतली हीच प्रतिक्रिया नोंदवली आणि जिवंत नमुना मिळाला. १९७५ साली केप टाउनमध्ये गेसफर्ड हॅरिसन यांनी डुकरांवर डॅन्ट्रोलीन वापरून झटका थोपवता येतो हे दाखवलं. चार वर्षांनी अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला माणसांसाठी परवानगी मिळाली. माणसातला मृत्यूदर ७०-८० टक्क्यांवरून ५ च्या आसपास उतरण्यात त्या डुकरांचा वाटा आहे. फरक एवढाच की माणसात दोष प्रभावी असतो आणि आरवायआर-१ मध्ये एक नाही, पुष्कळ जागी सापडतो. म्हणून माणसाची डीएनए तपासणी स्वच्छ आली तरी निर्धास्त होता येत नाही, स्नायूचा तुकडा काढून कॅफीन-हॅलोथेनची चाचणी करावी लागते.

प्रश्न : आमची कुत्री एकदा गॅसवर ताठली आणि वाचली. आता दात काढायचे आहेत. करायचं की नाही? – वाचक, पणजी

करता येईल, गॅसशिवाय. प्रोपोफॉल शिरेतून किलोला ४ ते ६ मिलीग्रॅम हळूहळू, मग मिनिटाला किलोमागे ०.२ ते ०.४ मिलीग्रॅम पंपाने चालू, जबड्यात लिग्नोकेनचा ब्लॉक. आधीपासून डॅन्ट्रोलीन देण्याची सहसा गरज पडत नाही, हाताशी असलं की पुरे.

तुमच्या डॉक्टरांनी यंत्र मात्र आदल्या दिवशीच तयार करावं. व्हेपोरायझर काढून टाकायचा, सोडा लाइम नवं, नळ्या आणि पिशवी नवी, मग मिनिटाला १० लिटर ऑक्सिजनने यंत्र धुवायचं. जुन्या साध्या यंत्राला वीस मिनिटं पुरतात, नव्या व्हेंटिलेटरच्या आतल्या रबर-प्लास्टिकमध्ये गॅस मुरतो, त्याला तास-दीड तास द्यावा लागतो. धुऊन झाल्यावर प्रवाह कमी केला तर मुरलेला गॅस पुन्हा बाहेर येतो, म्हणून शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो १० लिटरवरच ठेवावा. त्या दिवशी तिचा नंबर पहिला लावून घ्या, आधीच्या जनावराला त्याच खोलीत गॅस दिलेला नसावा. कॅप्नोग्राफ लावलेला हवा आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दवाखान्यातच राहू द्या. तिची भावंडं कुणाकडे असतील तर त्या घरांनाही कळवा.